सभेला कोण होतं?

लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचं एक छोटं शहर आहे. लोकवस्ती सुमारे पस्तीस हजारांची, त्यात बहुतेक कष्टकरी, स्थलांतरित कुटुंबं. जुलै २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं बातमी छापली की या गरीब शहराचा मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला ७ लाख ८७ हजार डॉलर पगार घेतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पगार तेव्हा ४ लाख डॉलर होता. अर्धवेळ काम करणारे नगरसेवकसुद्धा वर्षाला लाखभर डॉलरच्या घरात पोचले होते. पुढे खटले झाले, २०१४ मध्ये रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली, आणि बातमी देणाऱ्या पेपरला २०११ चं पुलित्झर मिळालं.

आपण अशा गोष्टी वाचतो, 'सगळीकडे तेच' म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. मला मात्र या प्रकरणात पैशांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त छळतात. काही कागद लपवले गेले होते, हे खरं. पण बेलच्या नगर परिषदेच्या सभा खुल्या होत्या, कुणालाही आत जाऊन बसता आलं असतं. २००५ मध्ये या शहरानं मतदान घेऊन स्वतःची सनद स्वीकारली आणि त्यामुळे नगरसेवकांच्या पगारावरची राज्याची मर्यादा तिथे लागू राहिली नाही. त्या मतदानाला चारशे लोकसुद्धा आले नव्हते. शहराच्या सभांना नियमित बसून लिहून घेणारा बातमीदार उरला नव्हता. म्हणजे दार उघडं होतं आणि आत कुणी गेलं नाही.

उघड्या दारातून आत न जाणं हा कायद्यानं गुन्हा नाही. मग ते नेमकं काय आहे? आळस, असहायता, की नैतिक चूक? आणि जाणं हे कर्तव्य असेल तर ते कुणाचं? पत्रकाराचं, माझं, की ज्याला मंगळवारी सकाळी अकरा वाजता सुट्टी असते त्याचं?

शेजाऱ्याला शिकवायचं

या प्रश्नाला शिकागोमध्ये एक सरळ उत्तर शोधलं गेलं. २०१५ मध्ये तिथे 'सिटी ब्यूरो' नावाची ना-नफा संस्था सुरू झाली. तिच्या एका उपक्रमाचं नाव आहे 'डॉक्युमेंटर्स'. कल्पना अगदी साधी. शहरात रोज कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक मंडळाची बैठक असते: शाळा मंडळ, पोलिसांवर देखरेख करणारं मंडळ, घरबांधणी, पाणी, उद्यानं. तिथे पाठवायला पेपरांकडे माणसं नाहीत. मग त्याच शहरात राहणाऱ्या लोकांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांना बैठकांना पाठवायचं, त्यांनी घेतलेल्या नोंदी तपासून सगळ्यांसाठी खुल्या करायच्या आणि या कामाचे त्यांना पैसे द्यायचे. पुढे डेट्रॉइट, क्लीव्हलँड आणि इतर शहरांतही हे सुरू झालं. यात विद्यार्थी असतात, निवृत्त माणसं असतात, नोकरी करणारे असतात. पत्रकारितेची पदवी लागत नाही.

प्रशिक्षणात काय शिकवतात? हे मंडळ कशासाठी आहे, त्याचे अधिकार काय, पैसा कुठून येतो. विषयपत्रिका कशी वाचायची. वस्तुस्थिती आणि आपलं मत वेगळं कसं ठेवायचं. मतदान झालं तर कोण कुठल्या बाजूला होतं. आणि समजलं नाही ते 'समजलं नाही' असंच लिहायचं. या शेवटच्या गोष्टीचं मला फार कौतुक वाटतं. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये निम्म्या लोकांना निम्मं समजलेलं नसतं, पण मीटिंगनंतरच्या ईमेलमध्ये ते कधीच दिसत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे या प्रकल्पाचा एक कोपरा मला विशेष आवडला. बैठका कधी, कुठे आहेत हीच माहिती सरकारी वेबसाइटवर इतकी विखुरलेली असते की तिथवर पोचणं हेच मोठं काम. म्हणून त्यांनी 'सिटी स्क्रेपर्स' नावाचा ओपन सोर्स प्रकल्प केला. पायथनमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम वेगवेगळ्या वेबसाइटवरून बैठकांच्या तारखा गोळा करतात आणि एका जागी लावतात. इथे तंत्रज्ञान माणसाला सभेच्या दारापर्यंत आणून सोडतं आणि बाजूला होतं. आत माणूसच जातो.

रेकॉर्ड होतंय ना, मग माणूस कशाला?

माझ्या पेशाच्या कुठल्याही माणसाला इथे शंका येणारच. सभागृहात एक कॅमेरा लावा, आवाज रेकॉर्ड करा, एआयकडून मजकूर आणि सारांश काढून घ्या. तासाच्या हिशेबानं माणसं कशाला बसवायची?

ही शंका आता आपल्याकडे प्रत्यक्षात आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयानं 'सभासार' नावाचं साधन आणलं. ग्रामसभेचं व्हिडिओ किंवा ऑडिओ रेकॉर्डिंग त्यात टाकायचं, की सभेचं इतिवृत्त तयार होऊन मिळतं. भारतीय भाषांसाठी त्याला 'भाषिणी'चा आधार आहे. त्रिपुरातून सुरुवात झाली. कल्पना वाईट नाही. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. सभेनंतर चार दिवसांनी आठवून आठवून लिहिलेल्या इतिवृत्तापेक्षा रेकॉर्डिंगवरून काढलेला मजकूर बरा, हे मान्य करायला हवं.

पण सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा एक किस्सा मला इथे आठवतो. अठराव्या शतकात ब्रिटिश संसदेतल्या चर्चा छापणं हा सभागृहाचा हक्कभंग मानला जात असे. तरी लोकांना त्या वाचायच्या असत. म्हणून 'जंटलमन्स मॅगझिन' नावाचं मासिक 'लिलिपुटच्या संसदेतल्या चर्चा' अशा काल्पनिक नावाखाली त्या छापायचं. १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं त्या लिहिणारा माणूस होता सॅम्युएल जॉन्सन, तोच, ज्यानं पुढे इंग्रजीचा मोठा शब्दकोश केला. जॉन्सन स्वतः संसदेत जाऊन बसत नसे. कोण बोललं, कुठल्या बाजूनं बोललं, एवढी त्रोटक टिपणं त्याच्याकडे येत आणि त्यावरून तो खोलीत बसून भाषणं रचत असे. भाषणं इतकी उत्तम व्हायची की लोक ती खरी मानू लागले. पुढे याबद्दल त्यालाच खंत वाटली, असं त्याचा चरित्रकार बॉझवेल सांगतो.

तोकडी माहिती आणि त्यावरून सफाईदार भाषा: आज हे वर्णन कुणाला लागू पडतं, ते सांगायला नको. मी रोज या साधनांसोबत काम करतो, त्यांचा मला राग नाही. पण सारांश जेवढा सुबक, तेवढं तो वाचणाऱ्याला 'हे असंच झालं असेल' असं वाटतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये मुळात काय आलं नाही, हे कुठलाही सारांश सांगू शकत नाही.

आमच्या सर्व्हरवर दिवसाला लाखो ओळींचे लॉग पडतात. काही बिघडल्याशिवाय ते कुणी उघडत नाही. लॉगला सगळं ठाऊक असतं आणि कशाचीही काळजी नसते. साक्षीदाराचं उलट असतं. त्याला थोडंच माहीत असतं, पण त्या थोडक्याची जबाबदारी तो घेतो. 'हे मी पाहिलं, खाली माझं नाव आहे, चुकलं असेल तर मला विचारा' असं म्हणणारा कुणीतरी असणं, हा नोंदीचा नैतिक भाग आहे. कॅमेऱ्याला उलटतपासणीत उभं करता येत नाही.

न झालेल्या सभेचं इतिवृत्त

आमच्या गावातली गोष्ट सांगतो. मी पुण्यात राहतो, पण माझं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. दोन वर्षांपूर्वी घरी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी एक पोरगा मोठं रजिस्टर घेऊन आला. आई पीठ मळत होती. तिनं हात पदराला पुसले आणि सही केली. मी विचारलं, "कसली सही?" ती म्हणाली, "ग्रामसभेची." "कधी झाली?" "झाली असेल की रे. कोरम भरायचा असतो त्यांना."

यात कुणी खलनायक नव्हता. तो पोरगा आमच्याच आळीतला. आईनं त्याला चहासुद्धा विचारला. तिच्या लेखी सही म्हणजे शेजारधर्म होता. 'नाही करत' म्हणणं म्हणजे कारण नसताना वाकडं घेणं.

आपल्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे गैरहजर राहणाऱ्यांची कायद्यानं आधीच सोय केली आहे. तुम्ही आला नाहीत तरी तुमच्या नावानं निर्णय होतो. 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली काय काय मंजूर होतं, हे गावाला पुष्कळदा रस्ता खणला जातो तेव्हा कळतं.

आता या रजिस्टरवरून एआयनं सारांश काढला तर तो काय काढेल? 'सभेस अमुक इतके ग्रामस्थ उपस्थित होते. ठराव सर्वानुमते मंजूर.' व्याकरण बिनचूक आणि सभा झालेलीच नाही. खरोखर भरलेल्या सभेतसुद्धा माइक टिपू शकत नाही अशा गोष्टी असतात. बायका दाराबाहेर उभ्या होत्या. एकानं प्रश्न विचारायला हात वर केला आणि शेजारच्यानं तो खाली ओढला. दलित वस्तीच्या नळाचा विषय निघाला तेव्हा पुढच्या रांगेतले चौघं फोनवर बोलायला बाहेर गेले. हे टिपायला तिथलाच माणूस लागतो, कारण कुणाचं उठून जाणं म्हणजे काय, हे तिथल्यालाच कळतं.

पण तिथलाच माणूस तटस्थ कसा राहील?

हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. बाहेरून आलेल्या बातमीदाराला गाव सोडून जाता येतं. शेजाऱ्याला उद्या सकाळी त्याच दुकानातून साखर आणायची असते, आणि दुकान सरपंचाच्या चुलतभावाचं असतं. शिवाय त्याचीही मतं असतात. त्याच्या घरापुढचं गटार तुंबलेलं असतं. डोळ्यांसमोर अन्याय होत असताना नुसतं लिहीत बसणं हा तर भित्रेपणा झाला, असं कुणी म्हणेल. आपल्या पिढीला तटस्थ या शब्दाचीच चीड आहे, आणि ती चीड अगदी बिनबुडाची नाही.

तरी मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आपली बाजू असणं वेगळं आणि समोरच्याचं म्हणणं बरोबर उतरवणं वेगळं. ज्याचं मला अजिबात पटत नाही, त्याचं वाक्य मी असं लिहिलं की ते वाचून तो म्हणेल, 'हो, मी हेच म्हणालो', तर त्यानं माझी बाजू कमी होत नाही. उलट उद्या मी त्याच्याविरुद्ध उभा राहिलो तर माझ्या बोलण्याला वजन येतं. विरोधकाशी प्रामाणिक राहणं ही मला न्यायाची पहिली पायरी वाटते, कारण यात आपल्याला फायदा काहीच नसतो आणि मोह मोठा असतो. एक शब्द इकडचा तिकडे केला तर कुणाला कळणार आहे?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावानं हा प्रश्न स्वतःच्या पद्धतीनं सोडवला आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगवेगळ्या असतात. अभ्यासगटात एखादा विषय समजून घ्यायचा, हवा तेवढा वाद घालायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. निर्णय मात्र तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. समजून घेणं आणि ठरवणं यांच्यात या लोकांनी भिंत घातली नाही, फक्त उंबरठा ठेवला. नोंद करणाऱ्यालाही असा उंबरठा पुरेल. आज मी लिहून घेतो. उद्या, वही मिटल्यावर, मी बोलेन, भांडेन, अर्ज करेन. दोन्ही कामं माझीच, पण एका वेळी एक.

पैसे घेऊन कसली समाजसेवा?

डॉक्युमेंटरना पैसे मिळतात हे मी एका मित्राला सांगितलं तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया हीच होती. आपल्याकडे निःस्वार्थ सेवेचं मोल मोठं आहे आणि ते असावंही. पण फुकट काम कोण करू शकतो, हेही पाहायला हवं. वॉर्डाची बैठक कामाच्या दिवशी दुपारी असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा खाडा होतो, रिक्षावाल्याच्या दोन तासांच्या फेऱ्या जातात. फक्त स्वयंसेवकांवर अवलंबून राहिलो तर नोंदी करणारे सगळे माझ्यासारखेच असतील: लॅपटॉपवाले, वर्क फ्रॉम होमवाले. मग सभेत काय महत्त्वाचं होतं हेही आम्हीच ठरवणार. पार्किंगवर दोन पानं आणि सार्वजनिक नळावर दोन ओळी.

'ज्याचे पैसे, त्याची भाषा' ही भीती खरी आहे. म्हणून पैसे देणारा आणि नोंद तपासणारा कोण, हे उघड असायला हवं, आणि नोंद सगळ्यांना फुकट वाचता यायला हवी. भीती आहे म्हणून मोबदलाच नको म्हणणं मात्र गरिबाला साक्षीदाराच्या रांगेतून काढून टाकण्यासारखं आहे.

लिहिल्यानं कुणाला लागतं?

शब्द कागदावर आले की ते बोलणाऱ्याचे राहत नाहीत. सभेत एखादी बाई संतापून उठते, नवऱ्याच्या दारूबद्दल, मुलाच्या अटकेबद्दल बोलून जाते. सभा सार्वजनिक आहे, म्हणून हे नावानिशी इंटरनेटवर कायमचं टाकायचं का? कायदा कदाचित हो म्हणेल. मला वाटतं, इथे नियम एक असला तरी त्याचं वजन दोघांसाठी वेगळं हवं. जो सत्तेच्या खुर्चीवर बसून बोलतो त्याचा शब्द न् शब्द लोकांचा आहे, कारण तो त्यांच्या वतीनं बोलतो. जी स्वतःच्या दुःखाबद्दल बोलते तिची मागणी नोंदवणं पुरेसं आहे. दारूचं दुकान बंद करा, एवढं लिहिलं तर तिचा मुद्दा पोचतो. तिचं घर उघडं करायची गरज नसते. हा विवेक शिकवावा लागतो, आणि प्रशिक्षणाचा खरा अवघड धडा बहुधा हाच असेल.

दुसरी जखम लिहिणाऱ्याला होते. माहिती अधिकाराचा वापर करून जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी भरदिवसा हत्या झाली. अशा घटना माहीत असताना वाचकाला 'जा आणि लिही' म्हणणं सोपं नाही. मी तसं म्हणणारही नाही. पण एक माणूस लिहितो तेव्हा तो उठून दिसतो, त्याला वेगळं काढता येतं. गावात वीस जणांना लिहिता येत असेल आणि दर वेळी वेगळे दोघं बसत असतील, तर कुणावर डूख धरायचा? प्रशिक्षणाचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. एका शूर माणसावर पडलेलं ओझं ते पुष्कळ साध्या माणसांत वाटून देतं. शौर्याची वाट पाहत बसलेली लोकशाही फार काळ टिकत नाही, तिला रोजच्या कामाची वाटणी लागते.

मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासकांचा कारभार चालला. नगरसेवकांच्या सभाच नव्हत्या. त्या काळात रस्ते झाले, टेंडरं निघाली, अंदाजपत्रकंही आली. माझ्या ओळखीतल्या फार कमी लोकांना काही हरवल्यासारखं वाटलं. सभा असताना आपण गेलो नव्हतो, म्हणून सभा नसल्याचं कळलं नाही. उघड्या दारातून आत न जाण्याला काय म्हणायचं, हा सुरुवातीचा प्रश्न होता. मला त्याचं उत्तर इथे सापडतं. ते पाप म्हणण्याइतकं मोठं नाही. पण त्याची सवय झाली की दार कधी बंद झालं तेही समजत नाही.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. यांतले बहुतेक दिवस सुट्टीचे असतात आणि शहरातली आपल्यासारखी पोरं तेव्हा गावाला आलेलीच असतात. जाताना वही घेऊन जा. कोण अध्यक्ष होतं, किती जण खरोखर बसले होते, कुठला विषय किती वेळ चालला, कुणी विचारलं, काय उत्तर मिळालं आणि काय मिळालं नाही, एवढं लिहा. भाषा सुबक नसली तरी चालेल. खाली तारीख घाला आणि आपलं नाव लिहा.